गळती

“उलटं फिरवतेयस,” हे खुर्चीतून म्हणाले. “नटासमोर घड्याळ धरलंय असं समज. काट्यांच्या विरुद्ध दिशेला.”

मी गाडीखाली उताणी पडले होते. नाकापासून वीतभर अंतरावर इंजिनाचं काळं पोट होतं. हातात सतरा नंबरचा पाना होता आणि गेली पाच-सात मिनिटं मी तो नट सोडवायच्या ऐवजी आणखी आवळत होते.

“आधी का नाही सांगितलंत?”

“मला इथून तुझे पायच दिसतात.” एवढं बोलून ते थांबले. एका वाक्यानंतर त्यांना तीन-चार श्वास घ्यावे लागत होते. “आता कळलं. पान्याचा आवाज वेगळा आला.”

सकाळचे साडेसात वाजले असतील. सोमवार होता. दुपारी दोनच्या आत आम्हाला आजऱ्याहून कोल्हापूरला पोचायचं होतं. नव्वद किलोमीटर. आणि गाडी अंगणातल्या चिऱ्यांवर चढवून ठेवलेली.

माझे मिस्टर, रवळू डोणकर, एसटीच्या डेपोत सव्वीस वर्षं मेकॅनिक होते. गावात त्यांना सगळे डोणकर मिस्त्रीच म्हणत. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि त्यांनी नोकरी सोडली. मग आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, कोल्हापूरला डायलिसिस सुरू झालं. गाडी मी चालवायची. माझा डावा पाय पोलिओने लहानपणीच गेलेला, कॅलिपर घालून चालते. क्लच दाबणं मला जमणारं नव्हतं. म्हणून त्यांनीच हिंडून हिंडून गोव्याच्या पासिंगची एक जुनी ऑटोमॅटिक गाडी शोधून आणली होती. दोनच पेडल. उजव्या पायावर सगळा कारभार. तिच्यावर मी दीड वर्षात शंभराहून जास्त फेऱ्या केल्या होत्या.

शनिवारी ती उत्तूरच्या पुढे चढावर थांबली. इंजिन सुरू, ॲक्सिलरेटर दाबला की नुसता आवाज वाढायचा, चाकं मात्र जागची हलायची नाहीत. तासभर निवू दिली तेव्हा थोडी ओढायला लागली. रडतखडत, तीन ठिकाणी थांबत आम्ही माघारी आलो. त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं. रविवारी त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत सुजले. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून दोन दिवस ते खुर्चीतच बसून होते. दवाखान्यात फोन केला तर तिथल्या सिस्टर म्हणाल्या, “उद्या दोन वाजता एक यंत्र रिकामं आहे. पण नक्की आणा. आता आणखी उशीर नको.”

नेमकी मंगळवारी जिल्हा परिषदेची निवडणूक. तालुक्यातल्या जीपगाड्या, ट्रॅक्स, निम्म्या एसट्या मतदानाच्या पेट्या न्यायला सोमवारी सकाळपासूनच घेतलेल्या. मी सात जणांना फोन केले. सरकारी दवाखान्याची गाडी एका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन पहाटेच गेली होती, ती कधी परतेल ते कुणाला सांगता येईना. गावातल्या दोन्ही गॅरेजवाल्यांनी ऑटोमॅटिक म्हटल्यावर हात जोडले. “वहिनी, तिला पुण्याला न्यावी लागेल. आम्ही उघडली तर बंद नाही करता यायची.”

मग मी यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “तुम्ही सांगा, मी करते.”

त्यांनी आधी गाडीकडे बघितलं. नंतर म्हणाले, “गिअरबॉक्सचं तेल बदलून बघता येईल. फार तर काय, चालणार नाही. पण राहू दे इंदू, तुला झेपायचं नाही.”

“काय काय लागेल तेवढं बोला.”

लाल तेल लागणार होतं. ट्रकच्या पॉवर स्टिअरिंगला जे घालतात तेच चालेल, असं ते म्हणाले. शेजारच्या रोझाबाई बारदेस्कर स्टँडजवळच्या मुल्लांच्या दुकानात गेल्या, त्यांना घरातून उठवून दुकान उघडायला लावलं आणि लिटर-लिटरचे तीन डबे पिशवीत घालून आल्या. “एवढेच होते गो. आणखी पाहिजे तर गडहिंग्लजला मिळेल म्हणाले.” रोझाबाई सरकारी दवाखान्यातून दाई म्हणून निवृत्त झालेल्या. डबे खाली ठेवून त्यांनी आधी यांची नाडी बघितली आणि माझ्याकडे बघून मान खाली घातली.

जुनं तेल सोडायचा नट सुटेना. मी कॅलिपर काढून ठेवला होता, त्यामुळे डाव्या पायाचा रेटा नाही. उजवी टाच जमिनीत रुतवून मी ताकद लावत होते.

“पान्याला पाइप लाव,” हे म्हणाले. “नळाचा तुकडा पडलाय बघ चुलीमागे. दांडा लांब झाला की जोर कमी लागतो.”

रोझाबाईंनी पाइप आणून दिला. दोन्ही हातांनी ओढला तसा नट कर्रकन सरकला. पाना माझ्या कपाळावर आपटला. पण सुटला होता.

“सुटला!”

“थांब. एकदम काढू नको. आधी घमेलं खाली घे.”

तेल पडायला लागलं. लाल नव्हतंच ते. डांबरासारखं काळं, आणि वास करपलेल्या दुधासारखा. थोडं माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मी वाट बघत राहिले. घमेल्याच्या तळाला चारेक बोटं तेल साचलं आणि धार बारीक होऊन थेंबांवर आली.

“संपलं,” मी म्हणाले. “एवढंच? तुम्ही तर तीन-साडेतीन लिटर म्हणाला होता.”

“किती आहे?”

“निम्मंही नाही. दीड असेल.”

“हं.”

एवढंच म्हणाले. मला ते जरा विचित्र वाटलं. साध्या सायकलीच्या चेनलाही तेल कमी असलं तर हा माणूस अस्वस्थ व्हायचा.

“पांढऱ्या कापडावर थोडं ओत आणि रोझाबाईंकडे दे. मला बघू दे.”

मी माझ्या जुन्या पांढऱ्या परकराचा तुकडा तेलात भिजवून बाहेर सरकवला. रोझाबाईंनी तो त्यांच्यासमोर उन्हात धरला. त्यात चमकणारे कण असले तर आतला सगळा गिअर झिजून गेला, मग गाडी संपली, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी खालीच पडून होते. जांभ्याचा खडा पाठीला टोचत होता.

“आहेत का कण?” मी ओरडले.

“नाहीत,” हे म्हणाले. “नुसती काळी भुकटी आहे.” त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

“मग चालेल ना?”

“आता पुढं रेडिएटरच्या खाली बघ. डाव्या अंगाला दोन रबरी नळ्या जातात. त्यातल्या खालच्या नळीचं टोक तडकलंय. क्लिपच्या मागं. बोटभर कापून टाक आणि परत बसव.”

मी सुरी घेऊन पाठीवर सरकत सरकत पुढे गेले. मान वळवली तर केस कशाला तरी चिकटले. हाताने चाचपलं. राखेचा थर होता. बंबातली राख, तेल पिऊन मेणासारखी घट्ट झालेली. नखाने उकरली तर खाली आणखी एक थर, त्याखाली आणखी एक. प्रत्येक थर तांबडट, तेल करपायच्या आधीचा. गाडी रोज इथेच उभी असायची, पुढचं तोंड याच जागेवर. त्याच्या बरोबर वर ती नळी होती आणि तिच्या टोकाला तेलाचा एक थेंब लोंबत होता.

खालच्याच नळीचं टोक. क्लिपच्या मागे.

दोन दिवसांत ते खुर्चीतून उठले नव्हते. गाडीखाली वाकून बघणं तर त्यांना सहा महिन्यांत जमलं नव्हतं. ही नळी तडकलीय हे त्यांना कसं माहीत?

“अहो,” मी म्हणाले, “इथे राख कुणी टाकली?”

उत्तर आलं नाही.

“गाडी गळतेय हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

मला राग आला. इतका राग आला की हातातली सुरी मी जमिनीत खुपसली. हा माणूस आता मुकाट बसून राहणार, मी मात्र इथे मातीत लोळतेय.

“बोला की! तोंडात काय धरलंय?”

तेवढ्यात रोझाबाईंची हाक आली. “इंदू, बाहेर ये. लवकर ये गो!”

बाहेर येणं सोपं नव्हतं. डाव्या पायाचा काही उपयोग नाही, वर धरायला काही नाही. कोपरांवर जोर देऊन, पाठ खरवडत मी निघाले. साडी कशात तरी अडकली, ती टरकावली. उठून बसले तर हे खुर्चीत एका बाजूला कलंडलेले. डोळे अर्धवट उघडे. रोझाबाईंनी त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं होतं आणि त्या त्यांच्या गालावर चापट्या मारत होत्या.

मी रांगत गेले. माझे हात काळे, तसेच त्यांच्या सदऱ्याला लावले. “अहो! अहो, बघा इकडं!”

“सरळ बसव त्यांना. पाय खाली सोड,” रोझाबाई म्हणाल्या. “पाणी देऊ नकोस. आधीच अंगात पाणी झालंय.”

आम्ही दोघींनी त्यांना सरळ केलं. मी उपरण्याने वारा घालत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्यांनी मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि माझ्या कपाळाकडे बघितलं.

“रक्त येतंय तुझ्या,” ते म्हणाले.

“येऊ दे.”

रोझाबाई आत कापूस आणायला गेल्या. तेव्हा ते हळूच बोलले. एकेक वाक्य तोडून, माझ्याकडे न बघता.

“दिवाळीपासून माहीत आहे. बॉनेट उघडून वरूनच नळी बघितली होती. सकाळी तू आंघोळीला गेलीस की मी राख टाकायचो. तुला डाग दिसू नये म्हणून.”

“का?”

“मला वाटायचं, एक दिवस गाडीच बंद पडेल. मग कुणाला काही ठरवायला नको. तू म्हणणार नाहीस की डायलिसिस बंद करूया. मला म्हणायचं धाडस होत नव्हतं.” ते थांबले. “तुझा पाय मी बघतो इंदू. कोल्हापूरहून आलीस की मोरीत पाणी सोडून रडतेस. वाटतं मला ऐकू येत नाही. शाळेतली नोकरी सोडलीस. बुधवार-शनिवार, बुधवार-शनिवार. हे किती दिवस चालायचं? आणि त्यातून होणार काय? मी काही बरा व्हायचा नाही.”

वाटत होतं, या माणसाला गदगदा हलवावं. वाटत होतं, त्यांच्या पायांवर डोकं ठेवून तिथेच पडून राहावं. दिवाळीपासून मी गाडीला बोल लावत होते, माझ्या चालवण्याला बोल लावत होते. शनिवारी उत्तूरच्या चढावर त्यांना धाप लागली तेव्हा मी नवस बोलले होते. आणि ते शेजारी बसून सगळं बघत होते.

“उतारावर बंद पडली असती तर? मी होते ना गाडीत,” मी म्हणाले.

त्यांचा चेहरा एकदम उतरला. “तेवढं डोक्यात आलं नाही,” ते म्हणाले. “आईशप्पथ, नाही आलं. माझं नुसतं माझ्यापुरतंच चाललं होतं.”

अंगणात ऊन आलं होतं. घड्याळात साडेनऊ होत आले होते. मी पदराने तोंड पुसलं, जमिनीवर बसले आणि पुन्हा गाडीकडे सरकायला लागले.

“इंदू, राहू दे आता. ऐक माझं.”

“नट परत बसवायचाय,” मी म्हणाले. “घट्ट किती करायचा ते तेवढं सांगा.”

मी गाडीखाली गेले. नट पुसला, आटे धरून बोटांनी फिरवला, पाना लावला. सगळा राग त्या पान्यावर काढायचा या बेताने मी पाइप पुन्हा वर घेतला.

“पाइप काढ!” त्यांचा आवाज आला. डेपोत पोरांवर ओरडायचे तसा. “पाइप लावून आवळशील तर आटे जातील. नुसत्या पान्याने. हाताला लागला की वर पाव फेरा. जास्त नाही.”

मी पाइप टाकला. नुसत्या पान्याने पाव फेरा दिला.

“आता नळी,” ते म्हणाले. “सरळ काप. तिरकी कापलीस तर परत गळेल.”

त्यानंतर ते बोलतच राहिले. धाप लागत होती, मधेच थांबत होते, पण सोडलं नाही. क्लिप आधी नळीवर सरकवून घे. नळी शेवटपर्यंत आत जाऊ दे. ओढून बघ. पाण्याची बाटली कापून नरसाळं केलं, त्याला बागेच्या नळीचा तुकडा लावला आणि जिथे तेल बघायची पट्टी असते त्या भोकातून मी तीनही डबे हळूहळू ओतले. नवं तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. ते बघून रोझाबाईंनी छातीवर क्रूस काढला.

साडेदहाला मी गाडीत बसले आणि चावी फिरवली. इंजिन सुरू झालं.

“ब्रेक दाबून धर. गिअरची दांडी प्रत्येक घरात ने. तीन आकडे मोज, मग पुढचं घर.”

मोजले. रिव्हर्समध्ये काही नाही. पुढच्या गिअरमध्येही काही नाही. ब्रेक सोडला तर गाडी चिऱ्यांवर ढिम्म उभी.

“परत,” ते म्हणाले.

पुन्हा तेच. काचेतून मला ते दिसत होते. खुर्चीच्या दांड्याला धरून अर्धवट उठू बघत होते आणि रोझाबाई त्यांना खाली दाबत होत्या.

“रिकामी झाली होती आतून,” ते ओरडले. “तेल चढायला वेळ लागतो. घाई करू नको. जरा चालू ठेव. मग परत.”

मी इंजिन चालू ठेवलं. पाच मिनिटं, कदाचित जास्त. मग दांडी रिव्हर्सला ओढली. एक, दोन, तीन. काही नाही. ब्रेकवरचा पाय काढला आणि डोळे मिटले.

गाडीला आतून हिसका बसला. कुणी तरी मागून धरून ओढावं तशी ती चिऱ्यांवरून उतरली आणि अंगणात मागे सरकली. रोझाबाईंनी मोठ्याने येशूचं नाव घेतलं. मी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. रडले नाही. रडायला वेळ नव्हता.

पट्टीवर तेल किंचित कमी दिसत होतं. “चालेल,” ते म्हणाले. “जोरात पळवू नको. पन्नासच्या वर नाही. आणि कुठं थांबवू नको.”

रोझाबाई मागे बसल्या. फाटक्या साडीवर मी शाल गुंडाळली होती, हात कोपरापर्यंत काळे. निपाणीपर्यंत मी काटा पन्नासच्या खाली धरून ठेवला. हे खिडकीत तोंड घालून वारा घेत होते. महामार्गाला लागल्यावर मात्र ते दर थोड्या वेळाने विचारायला लागले. चढाला ओढते का? आवाज बदलला का? गिअर पडताना हिसका बसतो का? मी सांगत होते. माझ्या उत्तरांवर ते मान हलवत होते.

दोनला दहा मिनिटं कमी असताना दवाखान्याच्या दारात पोचलो. माझा अवतार बघून सिस्टर दचकल्या, पण काही न विचारता त्यांनी यांना स्ट्रेचरवर घेतलं. डॉक्टर नंतर मला बाहेर येऊन म्हणाले, “संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर काही करता आलं नसतं.”

त्यानंतर ते एकोणीस महिने जगले. फार चांगले दिवस होते असं मी म्हणणार नाही. दुखणं दुखण्यासारखंच होतं, माझा पाय पायासारखाच होता. पण त्याबद्दल त्यांनी मला विचारल्याशिवाय पुन्हा मनातल्या मनात काही ठरवलं नाही. दोनदा त्यांनी उघड विचारलं, “बंद करूया का?” दोन्ही वेळा आम्ही बसून बोललो. दोन्ही वेळा ते स्वतःच म्हणाले, “एवढ्यात नको.” तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. ती गोष्ट वेगळी आहे आणि ती मी कुणाला सांगत नाही.

त्या सोमवारी मात्र सहा वाजता त्यांना बाहेर आणलं. चेहरा पांढुरका, पण श्वास मोकळा होता. मी व्हीलचेअर ढकलत गाडीपर्यंत नेली. रोझाबाई चहाचा पेला हातात घेऊन उभ्या होत्या. मी दार उघडलं, तर ते बसेनात.

“खाली बघ,” ते म्हणाले.

“काय?”

“चार तास उभी आहे एका जागी. गळतंय का बघ.”

दवाखान्यासमोर माणसांची ये-जा चालू होती. मी कॅलिपर सैल केला, शाल रस्त्यावर टाकली आणि आडवी झाले. डांबरावर हात फिरवला. सगळीकडे फिरवला, दोनदा.

“कोरडं आहे,” मी खालून म्हणाले.

“नीट बघितलंस?”

“नीट बघितलं.”

मग त्यांचा सुजलेला हात दाराच्या खाली आला आणि मला उठायला मदत म्हणून तसाच पुढे धरलेला राहिला.

“मग बुधवारी यायला हरकत नाही,” ते म्हणाले.